बोलण्याला आडोसा

शेजारची मोठीमाय पहाटे उठते, तेव्हा तिच्याबरोबर तिचं बोलणंही उठतं. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, दगडमातीची, जुनी. वर पत्र्याखाली हातभर फट राहिलेली. त्या फटीतून शब्द न् शब्द इकडे येतो. “काड्याची पेटी कुठं ठिवली वं बाई. हितंच तं व्हती. हां, ही काय.” मग थोडा वेळ नुसती भांड्यांची खुडबुड. मग, “दूध आलं न्हाई आजूक. येईल, येईल. जातंय कुठं.” चहा उतू जायला लागला की चहालाही ती दोन शब्द सुनावते. चार बायांत बसली की हीच मोठीमाय तोंड उघडत नाही. लग्नाला गेली, बारशाला गेली, तरी पदर सावरून भिंतीला टेकते आणि बाकीच्यांचं ऐकत राहते. तिच्या नातीनं एकदा विचारलं होतं, “कोनासंगं बोलायलीस गं मोठीमाय?” तेव्हा ती पळभर गोंधळली. “कोनासंगं न्हाई माय. मपल्याशीच.” आणि मग कितीतरी वेळ लुगड्याचा काठ नीट करत राहिली.

एकट्यानं बोलणारं माणूस कुणाच्या नजरेस पडलं की असंच ओशाळतं. त्यानं काही चोरलेलं नसतं, कुणाला वाईट बोललेलं नसतं. तरी ते खोकतं, गाणं गुणगुणत असल्याचं दाखवतं, नाहीतर जवळच्या कुत्र्याला हाक मारतं. समोर कुणीतरी होतंच, एवढं त्याला दाखवायचं असतं. हे ओशाळणं मी आमच्या गावात किती जणांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ते पाहता पाहता माझ्या मनात एक विचार घर करून बसला, की जुन्या माणसांवर ही वेळ फारशी येत नसावी. बोलत तीही होतीच, बहुधा आपल्याहून जास्त. पण त्यांच्या बोलण्याला आडोसा होता.

आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. नाव सांगितलं की लांबची माणसं सेवागिरी महाराजांच्या यात्रेबद्दल विचारतात. ते साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं पुसेगाव. आमच्याकडे सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद. यातली कितीतरी कामं अशी की माणूस तासन्‌तास एकटं असतं. हळद शिजवायचे दिवस आले की शेताच्या कडेला वाफा उठतात. जाळ सांभाळणारा गडी मध्येच एखादं कांडं बाहेर काढतो, काडी टोचून पाहतो आणि मोठ्यानं निकाल देतो, “न्हाई झाली. आजूक धा मिन्टं.” ऐकायला कुणीही नसतं. तरी तो निकाल मोठ्यानंच द्यावा लागतो. मनातल्या मनात दिला तर तो पक्का झाल्यासारखा वाटत नसावा.

खळ्यावर माझे सासरे धान्य मापायचे तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन. ही जुनी रीत महाराष्ट्रात ठिकठिकाणी होती. ते हा शब्द इतक्या जपून उच्चारायचे की शेजारी पोती धरून उभी असलेली मीही क्षणभर हलायची नाही. मोजणी ते स्वतःसाठीच करत होते, पण शब्द मात्र राशीसाठी होता, जमिनीसाठी होता. आता सोयाबीन यंत्रातून निघून थेट पोत्यात जातं आणि वजन काट्यावर दिसतं. आकडा दिसतो, तो बोलावा लागत नाही.

सासूबाई गेल्यानंतर सासऱ्यांचं एक वेगळं बोलणं सुरू झालं. त्याची मला पहिल्यांदा भीती वाटली आणि नंतर ते मी जपून ऐकायला लागले. संध्याकाळी ओसरीत बसून ते दोघांचं बोलायचे. “जेवलाव का?” “जेवलो.” “गोळी खाल्ली का?” “खातो की.” प्रश्न विचारताना आवाज किंचित वर चढायचा आणि शेवट ओढला जायचा, हुबेहूब सासूबाईंसारखा. त्यांना भ्रम झालेला नव्हता. बायको गेली हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तेराव्याचा सगळा हिशेब त्यांनीच तर मांडला होता. पण पन्नासेक वर्षं रोज संध्याकाळी येणारा प्रश्न एकाएकी बंद झाला, आणि उत्तर तर त्यांच्याकडे तयार होतं. ते द्यायचं तर प्रश्नही आपणच विचारायला हवा. ते गोळी खरोखर घ्यायचे. सासूबाईंनी विचारल्याशिवाय त्यांनी ती आधीही कधी घेतली नव्हती.

तेव्हापासून कुणी एकटं बोलताना ऐकलं की मी एकच गोष्ट टिपते: आवाज कुणाचा आहे? कारण माणूस स्वतःशी बोलतं तेव्हा क्वचितच स्वतःच्या आवाजात बोलतं. वाट चुकलेला तरुण स्वतःला “अरे लेका” म्हणतो, तेव्हा त्याचा बाप बोलत असतो. हातातून भांडं निसटलं की एखादी बाई स्वतःला जे म्हणते, ते तिला लहानपणी कुणीतरी म्हटलेलं असतं. चांगलं म्हटलेलं असेल तर चांगलं, टोचून म्हटलेलं असेल तर तसंच. आपण घरातली पोरं वाढवतो तेव्हा ती पुढं एकटी असताना स्वतःशी काय बोलतील, हेही आपण ठरवत असतो. शिक्षिका म्हणून मला याचा फार धाक वाटतो.

पहिलीच्या वर्गात बसलं की हे बोलणं उघड्यावर सापडतं. तिथं कुणी ओशाळत नाही. पाटीवर वाकलेली पोरं बोलत बोलत लिहितात. “आधी उभी रेघ. मग गोल. मग शेपूट.” एकजण आपल्या हाताला दटावतो, दुसरी आपल्या पेन्सिलीची समजूत काढते. डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकताना पियाजे आणि वायगॉट्स्की ही नावं परीक्षेपुरती पाठ केली होती. त्यांचा अर्थ वर्गात उभी राहिल्यावर कळला. पियाजेनं 1923 च्या पुस्तकात म्हटलं की लहान मूल अजून दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करू शकत नाही, म्हणून ते असं आपल्यापुरतं बोलतं, आणि वाढेल तसं हे बोलणं विरून जातं. रशियातल्या वायगॉट्स्कीला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, हे बोलणं विरत नाही, आत उतरतं. पुढं त्याचाच विचार होतो. काम अवघड केलं की मुलांचं असं बोलणं जवळजवळ दुपटीनं वाढतं, हेही त्यानं पाहिलं. त्यानं लिहिलेला एक प्रसंग मला फार आवडतो. साडेपाच वर्षांचं एक मूल ट्रामचं चित्र काढत होतं. चाक काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मूल स्वतःशीच पुटपुटलं, मोडलं. मग पेन्सिल बाजूला ठेवून त्यानं रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढायला लागलं. स्वतःशी उच्चारलेल्या एका शब्दानं पुढचं सगळं चित्र बदललं. वायगॉट्स्की 1934 साली क्षयानं गेला, अवघा 37 वर्षांचा. त्याचं हे पुस्तक त्याच वर्षी त्याच्या मागं छापून आलं.

आत उतरतं हे खरं असेल. पण सगळं आत मावत नाही. विशेषतः बाईच्या आत तर नाहीच. हे आमच्या आज्या-पणज्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि त्यांच्याजवळ जातं होतं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण सहज म्हणतो, पण मला वाटतं, जातं आधी पांघरूण घालायचं आणि मग ओवी यायची. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं, दगडावर फिरणाऱ्या दगडाची घरघर. त्या घरघरीत शब्द बुडायचे आणि तरी बोलणारीला ते स्वतःला ऐकू यायचे. भावाला सांगायचं ते तिथं सांगितलं जायचं, मेलेल्या आईला सांगायचं तेही. सासूबद्दलचं मनातलं सासू पलीकडं निजलेली असताना म्हणता यायचं, कारण ती ओवी होती, आणि ओवीला कुणी जाब विचारत नाही. खुद्द जात्यालाच देव करून त्याच्याशी बोलणाऱ्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांसाठी म्हटलेल्या ओव्याही त्यांत आहेत. एक लाख म्हणजे किती पहाटा, आणि किती एकट्या बायका. आपलं बोलणं कुणी टिपून ठेवील हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

जनाबाई आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. ती दळायला बसली की विठ्ठल येऊन तिला हात लावायचा, हे तिच्याच अभंगांतून आपल्याला ठाऊक आहे. गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात. लोक त्याला हात लावून नमस्कार करतात. भक्तीच्या बाजूनं त्याचा अर्थ मोठा आहे, आणि तो मी मानते. पण दासी म्हणून जन्म काढलेल्या एका बाईला दळताना समोरच्या रिकाम्या जागेत कुणीतरी बसलेलं हवं होतं, आणि तिनं तिथं थेट देवालाच बसवलं, रागावली, भांडली, कौतुक केलं, हेही मला तितकंच मोठं वाटतं. आमच्याच मराठवाड्यातल्या जांबला जन्मलेल्या रामदासांनी 205 श्लोक स्वतःच्या मनाला उद्देशून लिहिले. तेही स्वतःशी बोलणंच. पण तिथं गुरू शिष्याला समजावतो. जनाबाईचं बोलणं मला जवळचं वाटतं, कारण तिथं कुणी कुणाला समजावत नाही.

पुरुषांना जातं नव्हतं, त्यांना बैल होते. मोट हाकणारा माणूस धावेवर पुढं-मागं करत दिवसभर बैलांशी बोलायचा. त्यातलं निम्मंच बैलांसाठी असायचं. “चल रं सर्ज्या, सावकाराचं देनं हाय, थांबून कसं जमंल.” सर्ज्याला सावकाराशी काय करायचं होतं? पण घरी बायकोसमोर जे बोलवत नव्हतं, ते बैलाच्या कानावर घालता यायचं. बैल ऐकतोही. कान हलवतो, मान वळवतो, आणि कुणाला जाऊन सांगत नाही. पोळ्याला त्याच्या खांद्यांना हळद-तूप लावून चोळतात ते नांगराच्या ओझ्यासाठी. पण त्या मुक्या जनावरानं ऐकून घेतलेल्या गोष्टींचं ओझं काही कमी नव्हतं. आता गावात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरवर बसलेलं माणूस बोलत नाही, गाणी लावतं. त्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःलाही ऐकू येत नाही.

रात्र तेवढी अजून आहे. शेतीची लाईट पाळीनं रात्रीची येते, तेव्हा थंडीत बारा-एक वाजता माणसं एकटी पाणी द्यायला जातात. तूर, हरभरा उभा असताना रोही आणि रानडुकरं शेतात शिरतात, म्हणून जागलीला माळ्यावर बसावं लागतं. जागल करणारा माणूस अधूनमधून ओरडतो, डबा वाजवतो, आणि दोन ओरडण्यांच्या मधल्या वेळात बोलत असतो. माझे पती सांगतात, रात्री दोन वाजता आपलाच आवाज ऐकला की धीर येतो. मी विचारलं, काय बोलता? ते म्हणाले, “काही न्हाई, उद्याचं काय काय करायचं त्ये.” बांधापलीकडचा माणूसही असाच बोलत असतो. दोघांना एकमेकांचं पुटपुटणं अस्पष्ट ऐकू येतं, आणि सकाळी भेटले तर कुणी त्याचा विषय काढत नाही. ही सभ्यता मला फार मोलाची वाटते.

नाटकानं तर या बोलण्याला मानाची जागा दिली. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याचे प्रकारच सांगितले आहेत: स्वतःशी बोलायचं ते, एकापासून लपवून दुसऱ्याला सांगायचं ते, रंगमंचावर नसलेल्या माणसाशी बोलायचं ते आकाशभाषित. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात जवळजवळ दरवर्षी एखादा मुलगा काळी टोपी, दाढी-मिशा लावून ‘नटसम्राट’मधलं स्वगत म्हणतो. शिरवाडकरांचं ते नाटक 1970 सालचं, डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभं केलेलं. चौथी-पाचवीच्या पोराला म्हाताऱ्या गणपतराव बेलवलकरांचं दुःख कळत नाही, पण समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना कळतं. घोंगडीवर बसून एरवी गप्पा हाणणारी ही माणसं तेवढी पाच मिनिटं हलत नाहीत.

मला मात्र त्याहून जवळची वाटते ती तेंडुलकरांची लीला बेणारे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, 1967. तीही माझ्यासारखीच शिक्षिका. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात तिचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणलं जातं आणि शेवटी तिला बोलायला थोडा वेळ देतात. तेव्हा ती आपलं सगळं आयुष्य बोलून टाकते, आणि त्या वेळी रंगमंचावरची बाकीची सगळी माणसं जागच्या जागी थिजलेली असतात. तिचा शब्द त्यांच्यापर्यंत जातच नाही. प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. हे नाटक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात उभी राहिले होते, आणि आमच्या घराघरांतल्या ओट्यांपाशी, चुलींपाशी किती बेणारेबाई असतील याचा विचार करत होते.

आमच्या जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेवांचं जन्मगाव मानलेलं. नैवेद्य घेऊन देवासमोर बसलेला आणि देव जेवत नाही म्हणून त्याच्याशी भांडणारा लहान नामदेव आम्ही पोरांना गोष्टीत सांगतो. मूर्तीशी मोठ्यानं बोलणारं ते पोर त्या दिवशी कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? औंढ्याची गोष्टही आमचीच. नागनाथासमोर नामदेवांचं कीर्तन चाललेलं, पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं. ते देवळाच्या पाठीमागं जाऊन गायला लागले आणि देऊळ त्यांच्याकडं फिरलं. औंढ्याला नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला आहे, तो या गोष्टीची खूण म्हणून दाखवतात. मी दर वेळी तिथं गेले की पुढच्या गर्दीपेक्षा त्या मागच्या बाजूला जास्त रेंगाळते. पाठमोऱ्या भिंतीसमोर उभं राहून बोलायला किती विश्वास लागत असेल.

आता जातं अंगणात पालथं पडलं आहे, बैलांच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. बोलायचं मात्र तेवढंच आहे. मोबाईलनं नवा आडोसा दिला, हे मला चांगलंच वाटतं. कानात वायर घालून रस्त्यानं बोलत चाललेल्या माणसाकडं कुणी वळून पाहत नाही. आमच्या गल्लीतली एक सून दुपारी फोन कानाला लावून बांधावर जाते, अर्धा तास बोलते, कधी हसते, कधी डोळे पुसते. तिच्या फोनचा रिचार्ज कधीचा संपला आहे, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही माहीत आहे की मला ठाऊक आहे. ती परत येताना आमच्या दारात थांबते, पाणी पिते. माहेरचं सगळं ठीक आहे असं सांगते, आणि मीही बरं झालं म्हणते.

याच्या पलीकडचं एक बोलणं आहे, आणि ते वेगळं. समोर नसलेली माणसं ज्याला खरोखर ऐकू येतात, जी त्याला धमकावतात, झोपू देत नाहीत, त्याला डॉक्टर हवा, औषध हवं आणि ते वेळेवर देणारं घरचं माणूस हवं. आमच्याकडं अजून त्याला आधी अंगारा लावतात, बांधून ठेवतात, आणि त्यात वर्षं जातात. मोठीमायच्या बोलण्याला वेड म्हणणारं गाव ह्या दुखण्याला बाहेरचं म्हणतं, याचं मला फार वाईट वाटतं. दोन्हीकडं ऐकायचं राहून जातं.

माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला असते, एकटी राहते. ऑफिसात ती पुण्याची मराठी बोलते, इंग्रजी बोलते. परवा फोनवर म्हणाली, “आई, मी स्वयंपाक करताना मोठ्यानं बोलायलीय आजकाल. आणि सगळं आपल्या हिकडचं.” तिथं ‘मपलं’ आणि ‘करायलीय’ ती कुणासमोर काढत नाही, गॅसपुढं एकटी असली की ते आपोआप येतं म्हणे. मी तिला विचारलं, आवाज कुणाचा असतो? “तुझा,” ती लगेच म्हणाली. “मीठ टाकलं का, म्हणून रोज विचारतीस.” आणि मग तिनं उलट विचारलं, “तू कुणाच्या आवाजात बोलतीस?”

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. चुलीपुढं असले की माझी आई बोलते, थोडी घाईनं, थोडी वैतागून. महिन्याचा हिशेब मांडताना वडील येतात, प्रत्येक आकडा दोनदा म्हणतात. हे दोघं ओळखीचे आहेत. पण कधी खूप दमून आले, हातातलं सगळं खाली ठेवलं, की माझ्या तोंडून निघतं, “बस जराशी माय. बस.” हा आवाज कुणाचा ते मला लागत नाही. आईनं मला असं कधी म्हटलं नाही. तिला तरी कुणी म्हटलं होतं? सासूबाईंनी नाही, आजीनं नाही. मी एकेकीचं नाव घेऊन पाहिलं. आमच्या घरात बाईला बस म्हणणारं कुणी झालं असेल असं वाटत नाही. आणि तरी तो आवाज येतो, वयस्कर बाईचा, जरा खरखरीत, आमच्याच बोलीतला, आणि मी बसते.